रानचा शिंजीर आणि बागेंतील बांडगूळ

पौष-माघांत कोंकणांतील एखाद्या आंब्याच्या बागेंत सकाळच्या उन्हांत क्षणभर उभें राहावें. मोहोरावर माशा व मधमाश्या घोंगावत असतात. आणि एखाद्या जुन्या कलमाच्या शेंड्याकडे, बांडगुळाच्या नारिंगी-तांबड्या फुलांच्या झुबक्यांपाशीं, अंगठ्याएवढें एक पांखरूं बारीक आवाज करीत या फुलावरून त्या फुलावर उड्या मारीत असतें. त्याच्या अंगावर ऊन पडलें म्हणजे पाठीवर किरमिजी व मस्तकावर हिरवी झळाळी दिसते. तें सावलींत गेलें कीं सर्व रंग मावळून एक काळसर ठिपका तेवढा उरतो. हाच रानचा लहान शिंजीर होय.

बागाइतदार मंडळी या पांखराकडे दोन दृष्टींनीं पाहतात. घरांतील मुलांबाळांस त्याचें कौतुक वाटतें. परंतु ज्याच्या कलमांस बांडगुळानें ग्रासलें आहे असा गृहस्थ मात्र “बांडगूळ लावणारा तो हाच” असें म्हणून त्याच्यावर गलोल रोखण्यासहि कमी करीत नाहीं. पांखरूं रोज बांडगुळावर दिसतें, आणि बांडगूळ वर्षानुवर्षें वाढतें. तेव्हां या दोहोंचा संबंध जोडला जावा यांत नवल नाहीं. हा आरोप कितपत खरा आहे, खरा गुन्हेगार कोण, आणि शेतकऱ्यानें हत्यार उचलावयाचें तर तें कोणावर, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं प्रथम या पांखराची नीट ओळख करून घेतली पाहिजे.

ओळख

आपल्याकडे शिंजिरांच्या अनेक जाती आहेत. खेड्यापाड्यांतील परसांत नेहमीं दिसतो तो जांभळा शिंजीर. विणीच्या दिवसांत त्याचा नर इतका गर्द जांभळा असतो कीं दुरून काळाच भासतो. दुसरा, पोटाकडून पिंवळा व कमरेवर जांभळी झांक असलेला, हाहि गांवांतील बागांत सर्वत्र आढळतो. ज्याची हकीकत येथें सांगावयाची आहे तो तिसरा. या तिघांत सर्वांत लहान आणि मूळचा दाट रानांतला रहिवासी. त्याचें शास्त्रीय नांव लेप्टोकोमा मिनिमा असें आहे, व ‘मिनिमा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘सर्वांत लहान’ असा होतो. चोंचीच्या टोंकापासून शेपटीच्या टोंकापर्यंत त्याची लांबी चार इंचांहून कमी भरते, आणि वजन अर्ध्या तोळ्याच्याहि आंत, म्हणजे चार-पांच ग्रॅमच्या सुमारास असतें.

या पक्ष्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८३२ सालीं विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्यानें प्रसिद्ध केलें. हा गृहस्थ मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनच्या मुलखाची आंकडेवारी गोळा करण्याच्या कामावर होता. शेतजमिनीची पाहणी करतां करतां त्यानें येथील पक्ष्यांचीहि यादी तयार केली, आणि तींत या चिमुकल्याची नोंद झाली. शेतीची पाहणी व पांखरांची पाहणी या दोन गोष्टी एकमेकींपासून दूर नाहींत, याचें हें एक जुनें उदाहरण म्हणतां येईल.

दुसरी गोष्ट विशेष अभिमानाची आहे. हा पक्षी जगाच्या पाठीवर फक्त सह्याद्रीच्या रांगेंत व तिच्या पायथ्याच्या मुलखांत सांपडतो. मुंबई-ठाण्याच्या डोंगरांपासून महाबळेश्वर, आंबोली, गोव्यांतील दाट रानें, पुढें कर्नाटकांतील कॉफीचे मळे, आणि तेथून निलगिरी व केरळापर्यंत त्याचा वावर आहे. या पट्ट्याबाहेर त्याला दुसरें घर नाहीं. म्हणजे ज्या डोंगरउतारांवर आपल्या आंबा, काजू, सुपारी व मिरी यांच्या बागा वसल्या आहेत, तोच या पक्ष्याचाहि सर्व संसार आहे.

नराचें रूप राजस असतें. मस्तक चकचकीत हिरवें, कंठ जांभळा, पाठ गर्द किरमिजी, कमरेवर जांभळा ठिपका, छातीवर त्याच किरमिजी रंगाचा रुंद पट्टा, आणि त्याखालीं पिंवळें पोट. मादी मात्र साधी, वरून मळकट हिरवी व खालून फिकट पिंवळी असते. तिच्या कमरेवर तांबडा रंग असतो. एवढ्या खुणेनें ती इतर शिंजिरांच्या माद्यांहून वेगळी काढतां येते. विणीचा हंगाम संपला म्हणजे नरहि आपला भरजरी पोषाख उतरून ठेवतो व बराचसा मादीसारखा दिसूं लागतो. त्यामुळें पुष्कळांस वाटतें कीं शिंजीर कोठें निघून गेले. वस्तुतः ते तेथेंच असतात.

कित्येक सुशिक्षित लोक शिंजिरास ‘हमिंगबर्ड’ म्हणतात. ती चूक आहे. हमिंगबर्ड हे केवळ अमेरिका खंडांत सांपडणारे निराळ्या कुळांतील पक्षी होत. दोघेहि फुलांतील मधावर जगतात म्हणून त्यांच्या चोंची व जिभा सारख्या घडल्या. नातें मात्र कांहीं नाहीं. हमिंगबर्ड हवेंत एका जागीं तरंगून मध पितो; आपला शिंजीर बहुधा फुलाशेजारीं डहाळीस घट्ट धरून, वेळीं उलटा लोंबकळून, मध काढतो. अडचणीच्या जागीं असलेल्या फुलापाशीं तोहि घटकाभर पंख फडफडवीत तरंगतो, परंतु ती त्याची नेहमींची रीत नव्हे.

खाद्य

शिंजिराची चोंच बारीक, लांबट व खालीं वांकलेली असते. जीभ नळीसारखी असून टोंकाशीं दुभागलेली असते. चोंच फुलाच्या नळींत घालून तो जीभ पुढें सारतो व तळाशीं सांचलेला मध ओढून घेतो. एवढ्याशा देहास उष्णता राखण्यासाठीं सारखें इंधन लागतें. म्हणून उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्याची धडपड चाललेली असते.

रानांत त्याच्यासाठीं वर्षभर पंगत मांडलेली असते म्हटलें तरी चालेल. पावसाळ्याच्या सुमारास मुरुडशेंगेचीं तांबडीं फुलें उमलतात व जुनीं होतां होतां निळसर-करडीं पडतात. हिवाळा सरतांना डोंगरउतारांवर धायटी फुलते. तिच्या बारीक तांबड्या नळ्यांवर शिंजिरांची झुंबड उडते. त्याच दिवसांत पांगारा निष्पर्ण होऊन लाल होतो. जेथें फुलें तेथें शिंजीर, असा त्याचा शिरस्ता असल्यामुळें ऋतूप्रमाणें तो दाट रानांतून कांठावरच्या बागांत उतरतो व पुन्हां परत जातो. या येण्याजाण्यांत त्याच्या कपाळास व कंठास पराग चिकटतो आणि एका झाडाचा दुसऱ्या झाडास पोंचतो. ज्या झाडांचीं फुलें लांब नळीचीं व तांबड्या-नारिंगी रंगाचीं असतात, त्यांचा वंश चालविण्यांत अशा पक्ष्यांचा मोठा हात असतो.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. कांहीं लांब फुलांच्या बुडाशीं भोंक पाडून शिंजीर परागास न शिवतां मध लांबवितो. तेवढ्यापुरता तो चोर ठरतो. तसेंच आंब्याच्या मोहोराचें फलन माशा, मधमाश्या यांसारख्या कीटकांकडून होतें, शिंजिराकडून नव्हे. तेव्हां आंबा धरण्याचें श्रेय त्यास देतां येत नाहीं. मोहोरावर तो दिसतो तो मुख्यतः बारीक किडे व कोळी टिपण्यासाठीं. मोठ्या शिंजिरांस मध पुरतो, परंतु पिलांस वाढीसाठीं मांसान्न लागतें. म्हणून पिलें घरट्यांत असतां आईबाप दिवसभर अळ्या, किडे व कोळी आणून भरवितात. या पांखरामुळें बागेंतील कीड नाहींशी होते असा डांगोरा पिटण्याचें कारण नाहीं. परंतु जे अनेक लहानमोठे पक्षी मिळून किडीचा जोर कमी ठेवतात, त्यांपैकीं हा एक आहे, इतकें खास.

घरटें व पिलें

शिंजिराचें घरटें पाहण्यासारखें असतें. शेवाळ, बारीक मुळें व झाडांचे तंतू कोळ्याच्या जाळ्यानें एकत्र बांधून त्याची लांबट पिशवी विणलेली असते, व ती एखाद्या सखल डहाळीच्या टोंकास किंवा वाळलेल्या नेच्याच्या आडोशास टांगलेली असते. बाजूस एक लहान दार. आंत मऊ तंतूंचें अस्तर. विणकामाचा मुख्य भार मादी उचलते. दूरून पाहणारास तो वाऱ्यानें अडकलेला पालापाचोळा वाटावा, अशी ही रचना असते. आणि हेंच त्या दुबळ्या जीवाचें संरक्षण होय. अंडीं बहुधा दोन, पांढुरकीं व तांबूस ठिपक्यांचीं असतात. भारद्वाजासारख्या पक्ष्यांच्या नजरेस घरटें पडलें तर पिलें वांचत नाहींत. बागेंत झाडझुडूप साफ करतांना कोयता चालविण्यापूर्वीं अशी लोंबती पिशवी आहे काय, एवढें पाहून घेतलें तरी दोन जीव वांचतील.

बांडगुळाचा व्यवहार

आतां मुख्य आरोपाकडे वळूं. बांडगूळ ही अर्धी परोपजीवी वनस्पति आहे. तिचीं पानें हिरवीं असल्यामुळें अन्न तीं स्वतः तयार करतात. परंतु पाणी व क्षार मात्र ती आश्रय देणाऱ्या झाडाच्या लांकडांत शोषकमूळ घुसवून ओढून घेते. जेथें बांडगूळ चिकटतें तेथें फांदीस गांठ येते. गांठीपुढचा भाग उपाशी राहून खुरटतो, पानें लहान होतात, फळ कमी धरतें आणि शेवटीं फांदी वाळते. आंबा, काजू, चिकू, शिरीष अशा शेंकडों जातींच्या झाडांवर तें वाढतें. जुन्या, दाट व अनेक वर्षें निगा न राखलेल्या कलमांवर त्याचा जोर विशेष.

बांडगुळाचें बीं जमिनीवर पडून उपयोग नसतो. तें दुसऱ्या झाडाच्या जिवंत फांदीवरच पडलें पाहिजे. वारा हें काम करूं शकत नाहीं. मग तें करतो कोण? या प्रश्नाचा उलगडा कोंकणांतच झाला. सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनीं कोंकणांतील बांडगूळ आणि त्यावर येणारे पक्षी यांचें निरीक्षण करून १९३१ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. पुढें १९८० नंतरच्या दशकांत प्रिया दाविदार यांनीं निलगिरींतील बांडगुळें व पक्षी यांच्या संबंधाचा आणखी बारकाईनें अभ्यास केला. त्यांवरून जें चित्र उभें राहतें तें असें.

या व्यवहारांत दोन निरनिराळे पक्षी दोन निरनिराळीं कामें करतात. पहिला आपला शिंजीर. बांडगुळाची पक्व कळी मिटलेलीच असते. शिंजिरानें चोंचीनें तिला किंचित् दाब दिला म्हणजे ती फट्‌दिशीं उघडते, पाकळ्या मागें वळतात आणि पराग त्याच्या कपाळावर उडतो. मध पिऊन तो दुसऱ्या झुबक्याकडे जातो व तेथें पराग पोंचवितो. येथें शिंजिराचें काम संपतें. फळ धरण्यास त्याची मदत झाली. परंतु तें फळ पिकून त्याचें बीं दुसऱ्या झाडावर नेण्यांत त्याचा हात नाहीं.

तें काम करणारा दुसरा पक्षी म्हणजे फुलटोच्या. आकारानें शिंजिराएवढाच, किंबहुना लहान, रंगानें मातकट, कोठेंहि झळाळी नाहीं, चोंच आंखूड. तो पानांच्या गर्दींत फिरतो, त्यामुळें कोणाच्या नजरेंत भरत नाहीं. बांडगुळाचीं पिकलेलीं फळें हें त्याचें आवडतें अन्न. तो फळ सगळेंच गिळतो. थोड्याच वेळांत गर पचून बीं बाहेर पडतें. परंतु त्या बियाभोंवतीं चिकट पदार्थाचें वेष्टन तसेंच राहतें, आणि तें बीं पक्ष्याच्या अंगास चिकटून लोंबूं लागतें. तें सोडविण्यासाठीं फुलटोच्या फांदीवर आपलें अंग घासतो, व अशा रीतीनें बीं नेमकें फांदीच्या सालीवर डिंकानें डकविल्यासारखें बसतें. जाड चोंचीचा दुसरा एक फुलटोच्या गर खाऊन बीं चोंचीनें फांदीवरच पुसून टाकतो. कांहीं दिवसांनीं त्या बियांतून कोंभ निघतो, त्याचें टोंक सालीवर टेकतें, आणि नव्या बांडगुळाचा पाय रोवला जातो.

येणेंप्रमाणें पाहतां ‘चोर सोडून संन्याशास सुळी’ असा प्रकार बागांतून घडतो असें दिसेल. चमकणारा शिंजीर नजरेस पडतो म्हणून त्याच्यावर गलोल उठते; मातकट फुलटोच्या सुटतो. शिंजीर अगदींच निर्दोष आहे असें मात्र म्हणतां येणार नाहीं, कारण बांडगुळास फळ धरण्याच्या कामीं त्याचें साहाय्य आहेच. मग दोघांनाहि मारावें काय? तसें केल्यानें कांहीं साधणार नाहीं. बांडगुळावर मध पिण्यास इतर जातींचे शिंजीरहि येतात, आणि एका बागेंतील पक्षी नाहींसे झाले तरी शेजारच्या रानांतून दुसरे येणारच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हा गुन्हा होतो, ही गोष्टहि विसरतां कामा नये. परंतु सर्वांत महत्त्वाचें कारण निराळें आहे. हे पक्षी आपलें काम करतात. आपलें काम न करणारा जर कोणी असेल तर तो मालक होय. ज्या कलमावर बांडगूळ फळास येईपर्यंत राहूं दिलें जातें, तेथूनच बीं पसरतें. कळी उघडणारा एक, बीं लावणारा दुसरा; पण त्या दोघांस बांडगूळ पुरविणारे आपणच.

रानांतील बांडगुळाची गोष्ट वेगळी. तेथें त्याचा मध शिंजिरांस, त्याचीं फळें फुलटोच्यांस व त्याचीं पानें हळदीकुंकू या सुंदर फुलपांखराच्या अळ्यांस अन्न म्हणून उपयोगी पडतात. रानांत तें रानाच्या मापांत असतें. म्हणून देवराईंतील वा जंगलांतील बांडगुळांवर कोयता घेऊन जाण्याचें कारण नाहीं; आपलें कर्तव्य आपल्या बांधाच्या आंत आहे.

बागाइतदारानें काय करावें

पावसाळा सरल्यावर, मोहोर येण्यापूर्वीं, प्रत्येक झाड खालून व चारी बाजूंनीं नीट न्याहाळावें. बांडगुळाचीं पानें आंब्याच्या पानांहून जाड व फिकट असतात, आणि त्याचा झुबका शेंड्याकडे वेगळा उठून दिसतो. नुसतें बांडगूळ ओरबाडून किंवा वरवर छाटून काम भागत नाहीं. गांठींत राहिलेल्या भागांतून तें पुन्हां फुटतें, व त्याचीं मुळें सालीवरून पुढें सरकत जाऊन नव्या जागीं शिरतात. म्हणून फांदी बारीक असेल तर गांठीच्या खालीं, खोडाच्या बाजूस हातभर अंतर राखून, ती फांदीच कापावी. जाड फांदी किंवा खोड असेल तर पटाशीनें गांठ व आंत शिरलेलीं मुळें कोरून काढावीं.

कापलेल्या जागीं बोर्डो मलम लावावें. त्यासाठीं १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी हें प्रमाण आहे. मोरचूद व चुना निरनिराळ्या भांड्यांत, अर्ध्या अर्ध्या पाण्यांत कालवून मग एकत्र करावीं. लोखंडी भांडें वापरूं नये.

हें काम फळें पिकण्यापूर्वीं उरकलें पाहिजे, कारण एकदां फळें पिकलीं कीं फुलटोच्या तुमची वाट पाहत नाहीं. तसेंच मोहोर पूर्ण फुललेला असतांना कीटकनाशकाची फवारणी शक्य तों टाळावी. फलन करणाऱ्या माशा व मधमाश्या त्यानें मरतात, आणि विषारी किडे पिलांच्या तोंडीं पडतात.

बांडगूळ काढलें म्हणजे शिंजीर उपाशी मरेल, अशी शंका कोणास येईल. त्यावर उपाय सोपा आहे. बांधावर पांगारा असूं द्यावा. मिरवेलीस आधार म्हणून तो कोंकणांत पूर्वापार लावतातच. डोंगरउताराच्या पडीक तुकड्यावर धायटी व मुरुडशेंग उगवली असेल तर ती सरसकट तोडून जाळूं नये. एवढें केलें तर शिंजिरास बांडगुळावर अवलंबून राहण्याचें कारण उरणार नाहीं.

शेवटीं एक गोष्ट आपल्या संघाच्या सभासदांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. फुलटोच्यास बांधाची हद्द कळत नाहीं. एकानें आपलीं कलमें स्वच्छ केलीं आणि शेजाऱ्यानें बांडगूळ तसेंच फळास येऊं दिलें, तर पुढील वर्षीं पहिल्याच्या फांद्यांवर नवे कोंभ दिसणार. म्हणून बांडगूळ काढण्याचें काम एकट्यादुकट्याचें नसून सर्व वाडीचें आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास दोन दिवस ठरवून, कोयते व शिड्या एकत्र करून, ज्याचें मनुष्यबळ कमी त्यास हात देऊन, साऱ्या वाडीनें तें एकदम उरकावें. मग पौष-माघांत मोहोरावर शिंजीर आला तर मुलांनीं गलोल खालीं ठेवून त्याची किरमिजी पाठ खुशाल पाहावी. तो पाहुणा आपल्या सह्याद्रीचाच आहे.